मोठ्या माशाला मोठाच चारा लागतो का?

गंभीरकाठ: काल इथे कुणीतरी ठोकून दिलंय, “मोठा मासा हवा तर मोठा चारा लावा, बोटभर रबरी मासे पोरांना द्या.” हे बास या परदेशी शिकारी माशाच्या व्हिडिओंवरून उचललंय. कॅलिफोर्नियाच्या तलावांत रेनबो ट्राउट मासे सोडतात, मोठे बास त्यांवरच पोसतात, म्हणून तिथे ८-१० इंची चारा चालतो. आपल्या इंदूरच्या यशवंत सागर तलावात ट्राउट नाहीत. आणि कटला कितीही वजनी असो, खातो पाण्यातले बारीक जीव गाळून. पेंडेचा गोळा विरघळून पसरतो म्हणून तो येतो. गोळा घट्ट मळलात की गळ तसाच पडून राहतो.

राजवाडा_रॉड: दादा, कटला मध्ये कशाला? विषय शिकारी माशांचा आहे. २००९ मध्ये जपानच्या बिवा तलावात मानाबू कुरितांनी १० किलोंचा बास धरला, तो ब्लूगिल नावाच्या जिवंत छोट्या माशावर. अमेरिकेतल्या जॉर्जियातल्या १९३२ च्या बास विक्रमाशी बरोबरी! मोठा मासा चार पिल्लांमागे दम घालवत नाही, एका घासात पोट भरतो.

गंभीरकाठ: मान्य. पण गिळताना लांबी अडत नाही, अंगाची उंची अडते. सडपातळ वीतभर मासा सरकन जातो, तेवढाच पसरट मासा घशात अडकतो. इंच मोजून चारा घेणारे नेमकं हेच बघत नाहीत.

चोरलकर: आणि रॉड कोण बघणार? ८ इंची चारा बऱ्याचदा ८० ग्रॅमच्या वर जातो. रॉडवर चाऱ्याचं वजन १०-२८ ग्रॅम छापलेलं असताना जोरात फेकलात तर शेंडा तरी मोडेल नाहीतर लाइन तुटून चारा जाईल. २०-२५ पौंडी लाइन हवी. मासा नुसती शेपटी चावून सुटत असेल तर मागे आखूड दोरीवर आणखी एक गळ बांधा. मरळीला मात्र शेवाळात तिहेरी गळ नकोच, अडकतो. पोकळ रबरी बेडूक घ्या, आणि तोंडात घेतल्या घेतल्या झटका देऊ नका, लाइन ताणली की मगच द्या.

राजवाडा_रॉड: एवढी यातायात कशाला? वीतभर जिवंत तिलापिया लावा.

सिरपूरताई: काहीही काय सांगताय? हा मासा १९५२ मध्ये बाहेरून भारतात आणला, तेव्हापासून आवरत नाहीये. मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, म्हणून पिल्लं भराभर जगतात. संध्याकाळी बादलीतले उरलेले तलावात ओतणारे तुमच्यासारखेच. सिरपूर तलाव आणि यशवंत सागर २०२२ पासून महत्त्वाच्या पाणथळींच्या जागतिक रामसर यादीत आहेत, जरा भान ठेवा!

राजवाडा_रॉड: ताई, मी ओततो असं म्हटलं का? आणि तिलापिया आता कुठल्या तलावात नाही?

सिरपूरताई: आहे म्हणून आणखी टाकायचा? चारा त्याच पाण्यातला घ्या, उरलेला घरी न्या. आणि १६ जून ते १५ ऑगस्ट गळ बंद ठेवा, अंडी घालायचा तो काळ आहे.

राजवाडा_रॉड: बरं, बादली घरी नेऊ. पण मोठ्या चाऱ्याचा मुद्दा मी सोडलेला नाही.

चोरलकर: सोडू नका. फक्त मोठ्या चाऱ्याला मासे कमी लागतात, हेही नव्या पोरांना सांगा. नाहीतर ते पहिल्याच दिवशी रॉड विकायला काढतील.