राउटर बंद-चालू केला की आयपी कधी बदलतो, कधी नाही. असं का?

खिडकी१०१:
शहरातल्या घरी फायबर आहे, राउटरमध्ये पीपीपीओईचं (लॉगिन करून नेट जोडायची पद्धत) युजरनेम-पासवर्ड टाकलेलं. गावी केबलवाल्याचं कनेक्शन, तिथे नुसती वायर खोचली की नेट सुरू. शहरात राउटर रीस्टार्ट केला की आयपी बदलतो; गावी अर्धा तास बंद ठेवला तरी तोच. गावच्या कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र) इथून बघायचाय. पोर्ट फॉरवर्ड केला (बाहेरून आलेली जोडणी राउटरने डीव्हीआरकडे वळवायची सोय), डायनॅमिक डीएनएसचं (आयपी बदलला तरी त्याच्यामागे जाणारं) नावही घेतलं, तरी उघडत नाही. आयपी बदलतच नसेल तर अडतंय कुठे?

तारवाला:
दोन्हीकडे पत्ता (आयपी) मिळण्याची रीतच वेगळी आहे.

पीपीपीओईत पत्ता त्या सेशनपुरता असतो. लॉगिन झालं की कंपनीचा सर्व्हर साठ्यातला एक मोकळा पत्ता देतो, सेशन तुटलं की परत घेतो. म्हणून रीस्टार्टला बहुतेक वेळा नवा. मात्र प्लग उपटून बंद करू नका. राउटरच्या पानावर ‘डिस्कनेक्ट’ दाबलं की सेशन संपल्याचा निरोप पलीकडे जातो. प्लग उपटला तर सर्व्हरला वाटतं तुम्ही अजून आहात, आणि एका वेळी एकच लॉगिन चालत असेल तर जुनं सेशन मरेपर्यंत काही मिनिटं लॉगिन नाकारलं जातं. लोक इथे पासवर्ड बदलत बसतात, उगाच.

गावी डीएचसीपी (लॉगिनशिवाय आपोआप पत्ता देणारी पद्धत) दिसतंय. तिथे पत्ता ठरावीक मुदतीसाठी भाड्याने. मुदत २४ तासांची धरा: १२ तासांनी राउटर त्याच सर्व्हरकडे वाढवून मागतो, उत्तर नाही आलं तर २१व्या तासापासून जो ऐकेल त्याच्याकडे. अर्धा तास बंद ठेवल्याने मुदत संपत नाही, आणि संपली तरी सर्व्हर तुमचा मॅक पत्ता (राउटरचा स्वतःचा हार्डवेअर क्रमांक) लक्षात ठेवून, मोकळा असेल तर जुनाच आयपी देतो. राउटरचा मॅक बदललात तर नवा मिळू शकतो, पण केबलवाल्याने मॅक बांधून ठेवला असेल तर नेटच बंद पडेल. आधी त्याला विचारा.

गेटवे_गडी:
वरचं सगळं बरोबर, पण डीव्हीआरचं दुखणं तिथे नाही. गावचा ‘तोच’ आयपी तुम्ही कुठे पाहिलात? वेबसाइटवर दिसतो तो आणि राउटरच्या स्टेटस पानावर वॅनसमोर (म्हणजे कंपनीकडच्या बाजूला) असतो तो, दोन्ही ताडून बघा. वेगळे असतील तर तुमच्या आणि इंटरनेटच्या मध्ये आणखी एक नॅट (अनेक यंत्रांना एकाच पत्त्यामागे बसवणारी सोय) बसलाय.

वॅनवर १००.६४ ते १००.१२७ यांपैकी काही असेल तर सीजीनॅट, म्हणजे कंपनीच्या बाजूचा नॅट, नक्की. ही पट्टी २०१२ साली खास याच कामासाठी राखली, जेमतेम ४२ लाख पत्त्यांची. एकूण आयपीव्ही४ (नेहमीचे, जुन्या पद्धतीचे) पत्तेच सुमारे ४२९ कोटी, त्यामुळे कंपन्या एका पब्लिक पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवतात. १० ने सुरू होत असेल तरी बहुधा तेच. १९२.१६८ दिसला तर आधी स्वतःच्या घरात बघा: बऱ्याचदा ओएनटीच (फायबरची वायर येते तो डबा) राउटर बनून बसलेला असतो, तो ब्रिज मोडमध्ये (नेट नुसतं पुढे देणारा) टाकला की काम होतं.

खिडकी१०१:
वॅनवर १००.७२ ने सुरू होणारा आहे. साइटवर वेगळाच.

गेटवे_गडी:
मग तुमचा पोर्ट फॉरवर्ड कंपनीच्या दारापाशीच अडतो, आणि डायनॅमिक डीएनएस पत्ता सांगतो तो शेजाऱ्यांसकट सगळ्यांचा. केबलवाल्याकडे स्टॅटिक पब्लिक आयपी मागा. तो महिन्याचे किंवा वर्षाचे वेगळे पैसे घेईल. मिळाला तरी डीव्हीआरला राउटरमध्ये आयपी रिझर्व्ह करून द्या, नाहीतर घरातला पत्ता बदलला की फॉरवर्ड भलत्याच यंत्राकडे जातो.

आणि डीव्हीआरचा पोर्ट थेट उघडा ठेवू नका. २०१६ च्या मिराई या मालवेअरच्या हल्ल्यात फॅक्टरी पासवर्डवर चाललेले असेच डीव्हीआर आणि कॅमेरे वेठीला धरले होते.

तारवाला:
पैसे न भरता उलटी वाट आहे. शहरातल्या वॅनवर खरा पब्लिक पत्ता आहे का ते याच पद्धतीने तपासा. असेल तर तिकडच्या राउटरवर वायरगार्ड (दोन घरांमध्ये सुरक्षित बोगदा जोडणारा व्हीपीएन) चालवा, यूडीपी पोर्ट ५१८२०, आणि डायनॅमिक डीएनएसचं नाव तिकडे लावा. गावचा राउटर आतून बाहेर जोडणी करतो, सीजीनॅट त्याला अडवत नाही. गावच्या बाजूला ‘कीपअलाइव्ह’ २५ सेकंद ठेवा, नाहीतर शांतता पडली की नॅट जोडणी विसरतो. दोन्ही घरांचे लॅन (घरातल्या नेटवर्कचे पत्ते) वेगळे हवेत: एकीकडे १९२.१६८.१, तर दुसरीकडे १९२.१६८.५०. दोन्हीकडे एकच ठेवलात तर बोगदा जोडलेला दिसेल, पण डीव्हीआर काही उघडणार नाही.

शहरातला पत्ता बदलला की वायरगार्ड नाव आपोआप पुन्हा शोधत नाही. गावच्या राउटरवर दर काही मिनिटांनी ते करणारी छोटी स्क्रिप्ट लावा.

गेटवे_गडी:
गावी आयपीव्ही६ (भरपूर पत्ते असलेली नवी पद्धत) मिळतंय का तेही बघा. मिळत असेल तर नॅटचा प्रश्नच नाही, राउटरच्या फायरवॉलमध्ये त्या एका यंत्रासाठी परवानगी द्यावी लागते. पण तिथेही कंपनी प्रीफिक्स (पत्त्याचा सुरुवातीचा भाग) बदलू शकते, आणि जुन्या डीव्हीआरला बऱ्याचदा आयपीव्ही६ कळतच नाही.