मदत हवी आहे: सोलो मायनिंगमध्ये ब्लॉक लागायची शक्यता खरंच किती? (भावाला पटवायचंय)

गंगापूररोड:
नमस्कार मंडळी. धाकट्या भावाने दिवाळीत बिटॅक्स गॅमा नावाचं तळहाताएवढं बिटकॉइन मायनिंगचं यंत्र आणलं. हे सतत आकड्यांचे अंदाज (हॅश) लावत बसतं, जो आधी बरोबर लावेल त्याला ब्लॉक, म्हणजे व्यवहारनोंदींची पुढची तुकडी, आणि तिचं बक्षीस. वेग १.२ टेराहॅश, म्हणजे सेकंदाला १.२ लाख कोटी हॅश, वीज सतरा-अठरा वॅट. राउटरशेजारी घुरघुरत असतं, सोलो सीकेपूल नावाच्या सेवेला जोडलंय, तिथे बक्षीस वाटलं जात नाही, ज्याला लागेल त्याचं. ब्लॉक लागला तर ३.१२५ बिटकॉइन आणि त्या ब्लॉकमधली व्यवहारांची फी, त्यातून पूलचे २ टक्के वजा, बाकी सगळं त्याचं. नाही लागला तर शून्य. लॉटरीचं तिकीट समजा म्हणतो. इथपर्यंत माझी काहीच हरकत नाही.

पण स्क्रीनवर 'बेस्ट डिफिकल्टी' (आजवर लागलेल्या सगळ्यांत कठीण हॅशची पातळी) म्हणून एक आकडा असतो. तो आधी काही कोटींत होता, आता २८० कोटींवर गेलाय. भावाच्या मते आपण जवळ येतोय. वर जुलै २०२४ मध्ये ३ टेराहॅशवाल्या कुणाला तरी ब्लॉक लागला होता, ती बातमी फॅमिली ग्रुपवर पुन्हा पुन्हा. आता साहेबांना जुना अँटमायनर एस१९ घ्यायचाय, ९५ टेराहॅशचा. पैसे बाबांची एफडी मोडून. बाबाही तयार आहेत, कारण "यंत्र तरी हातात राहतं, शेअरसारखं नाही".

मला दोन गोष्टी सांगा. तो आकडा वाढतोय म्हणजे ब्लॉक खरंच जवळ येतोय का? आणि एस१९ ने शक्यता किती वाढेल? मी कॉमर्सवाला, मला "खूप कमी" यापुढे बोलता येत नाही आणि तेवढ्याने तो ऐकत नाही.

आकडेमोड:
आधी शक्यता. जगभरच्या यंत्रांचा एकूण वेग (हॅशरेट) २०२५ मध्ये १००० एक्झाहॅशच्या वर गेला, एक एक्झाहॅश म्हणजे दहा लाख टेराहॅश. हिशेबाला १००० धरू. १.२ टेराहॅश म्हणजे त्याचा ८३ कोटींवा हिस्सा, म्हणून पुढचा ब्लॉक तुमच्या घरी लागायची शक्यता ८३ कोटींत १. दर दहा मिनिटांनी एक याप्रमाणे वर्षाला ५२,५६० ब्लॉक होतात. तेव्हा वर्षभराची शक्यता साधारण १५,९०० मध्ये १. आणि १५,९०० वर्षं चालवलं की लागतोच असंही नाही. तेवढं चालवूनही रिकाम्या हाताने राहायची शक्यता ३७ टक्के उरते.

आता तो आकडा. ठरावीक पातळी गाठणाऱ्या हॅशला शेअर म्हणतात. डिफिकल्टी १ चा, म्हणजे सगळ्यांत सोप्या पातळीचा, एक शेअर सापडायला सरासरी ४२९ कोटी हॅश लागतात. तुमचं यंत्र सेकंदाला असे २८० च्या आसपास काढतं, चार महिन्यांत जवळजवळ ३०० कोटी. इतक्या शेअरांतला सगळ्यांत भारी शेअर साधारण तेवढ्याच डिफिकल्टीचा निघतो. म्हणजे २८० कोटी हा आकडा यंत्र किती दिवस चालू आहे एवढंच सांगतोय! ब्लॉकला १४० लाख कोटी लागतात, पन्नास हजार पट. शिवाय तो नुसता उच्चांक आहे, साठा नाही. आधीच्या हॅशचं श्रेय पुढच्या हॅशला मिळत नाही. आज दुपारी कुणी नवं यंत्र लावलं तर त्याची आणि तुमच्या भावाची उद्याची शक्यता अगदी सारखी.

जुलै २०२४ ची बातमी खरी आहे. पण अशी हजारो छोटी यंत्रं चालू आहेत, त्यातल्या एखाद्याला अधूनमधून लागणारच. न लागलेल्यांची बातमी होत नाही. जानेवारी २०२२ मध्ये १२६ टेराहॅशवाल्या सोलो मायनरलाही लागला होता, तेव्हा बक्षीस ६.२५ होतं आणि एकूण हॅशरेट आजच्या पाचव्या हिश्श्याएवढाही नव्हता.

एस१९ ने शक्यता ८० पटीने वाढेल, हे भाऊ बरोबर बोलतोय. वर्षाला २०० मध्ये १.

वायरमन_नाशिकरोड:
ते दोनशेत एक ठीक आहे, पण बिल? एस१९ ३२५० वॅट खातो. चोवीस तासांना ७८ युनिट, महिन्याला २३४०. घरगुती मीटरवर दहा रुपये युनिट धरलं तरी २३,४०० रुपये, आणि वरचा स्लॅब त्याहून महाग. १६ अँपिअरच्या पॉइंटवर चौदा अँपिअर रात्रंदिवस ओढणार, प्लगचे पाय काळे पडलेले मी पाहिलेत. एक टनाचा एसी लावलात तर तो जेमतेम याचीच गरमी बाहेर टाकेल. आवाज वेगळाच, त्या खोलीत फोनवर बोलता येणार नाही. हॉलमध्ये ठेवायचं म्हणत असेल तर आधी वहिनींना विचारा.

गंगापूररोड:
सगळ्यांचे आभार, त्याला वाचून दाखवलं. बिलाच्या आकड्यावर बाबा गप्प झाले. भाऊ म्हणतो, सोलो नको तर एस१९ साध्या पूलला लावू, जिथे सगळे मिळून मायनिंग करतात आणि बक्षीस वाटून घेतात, रोज थोडं थोडं येईल.

आकडेमोड:
पूलमध्ये सरासरी कमाई तीच राहते, फक्त चढउतार जातो. ९५ टेराहॅशचे वर्षाला ०.०१५६ बिटकॉइन, वर व्यवहारांच्या फीचा थोडा वाटा. ८० लाखांचा भाव धरला तर सव्वा लाख. वीज २ लाख ८५ हजार. नुसतं बिल निघायलाच भाव १ कोटी ८० लाखांच्या वर हवा, आणि २०२८ मध्ये बक्षीस पुन्हा निम्मं होतंय.

सीए_काकू:
त्यात करही धरा. क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के आणि सेस. मायनिंगच्या यंत्रणेवरचा खर्च त्यातून वजा मिळत नाही, हे सरकारने २०२२ मध्ये संसदेत सांगितलंय. एफडी मोडू नका.

आकडेमोड:
बिटॅक्स मात्र चालू राहू द्या, महिन्याला बारा-तेरा युनिटचा शौक आहे. एक तपासा: सीकेपूलला युजरनेम म्हणून जो बिटकॉइन पत्ता दिलाय तो कुणाचा? ब्लॉक लागला तर रक्कम थेट त्या पत्त्यावर जाते, नंतर बदलता येत नाही, आणि पुढचे १०० ब्लॉक होईपर्यंत खर्चताही येत नाही.

गंगापूररोड:
पाहिलं. एक्सचेंजचा (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या ॲपचा) डिपॉझिट पत्ता टाकलाय पठ्ठ्याने, आणि ते ॲप त्याने मागेच काढून टाकलंय. स्वतःच्या ताब्यातलं साधं वॉलेट कोणतं घ्यावं? बाबांनाही कळेल असं सुचवा.