माथेरान, मे महिना, सहा जण: गाडी वर न्यायची का?

अटकमटक:
मेमधल्या शनिवार-रविवारी माथेरान ठरतंय. तिघं ठाण्याहून, तिघं पुण्याहून. एक मुक्काम. स्वतःची गाडी न्यावी का? आणि गावात गाडी नेता येत नाही तर सामानाचं काय करतात?

घाटवाट:
गाडी दस्तुरी नाक्यापर्यंतच जाते, पुढे बंदी. मेच्या शनिवारी दहानंतर तिथे पार्किंग मिळणं कठीण. नेरळहून येणारा घाट अरुंद आणि उभा आहे. रांगेत अडकून चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरली की क्लच जळतो, म्हणून हँडब्रेक लावून थांबा. उतरताना पहिला-दुसरा गिअर सोडू नका. नुसत्या ब्रेकवर उतरलं तर ब्रेक तापून पकड जाते.

त्यापेक्षा नेरळला भेटा. ठाण्याहून कर्जत किंवा खोपोली लोकल, बदलापूरची नको, ती नेरळच्या आधीच संपते. पुणेकरांनी कर्जतला उतरून मुंबईकडची लोकल पकडावी. भिवपुरी रोडनंतर नेरळ. स्टेशनबाहेर दस्तुरीच्या शेअर टॅक्सी असतात.

नेरळकर७:
दस्तुरीला पालिकेचा प्रवासी कर भरून आत जायचं. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. 'गाव लांब आहे, चालवणार नाही' असं ऐकवणारे भेटतील. पाठीवर सॅक असेल तर पाऊण तासात पोचता. दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनहून मिनी ट्रेनची शटल पकडली तर वीसेक मिनिटं. जाताना तिकीट मिळूनही जाईल, पण रविवारी दुपारी परतीची रांग लांबते. सकाळीच निघा, नाहीतर चालायची तयारी ठेवा. नेरळहून थेट मिनी ट्रेन (१९०७ पासूनची, दोन फुटी गेज) हवी असेल तर अडीच तासांहून जास्त धरा.

घोडा घेतलात तर कोणते पॉइंट आणि एकूण किती, हे बसण्याआधीच ठरवा. 'सगळे पॉइंट' या शब्दावर वाद होतात.

अटकमटक:
म्हणजे ट्रॉली बॅग नको?

नेरळकर७:
अजिबात नको. लाल माती आणि जांभ्याचे खडे, चाकं तिथेच तुटतात. हमाल मिळतात, पण सॅकच बरी. पांढरे बूटही घरी ठेवा.

वनवासी:
पॉइंट दिशेप्रमाणे जोडा. शनिवारी चारला निघून शार्लोट तलाव, मग लुईझा, आणि सूर्यास्ताला पॉर्क्युपाइन. हे सगळं पश्चिमेच्या अंगाला आहे. तलावात उतरू नका, गावाचं पिण्याचं पाणी आहे. पॅनोरमा उत्तर टोकाला, सूर्योदयाचा. मेमध्ये सहाच्या सुमारास उजाडतं, म्हणून बाजारातून पावणेपाचला टॉर्च घेऊन निघा. जाऊन-येऊन तीन तास. दोन्ही एकाच संध्याकाळी कोंबू गेलात तर अंधारात परतावं लागेल.

उंची ८०० मीटर आहे, महाबळेश्वरसारखा गारवा नाही. दुपारी ऊन लागतं, बाराला झाडाखाली किंवा खोलीत. खाऊची पिशवी हातात धरू नका, माकडं हिसकतात. सॅकमध्ये चेन लावून ठेवा. हॉटेलला चेकआउट किती वाजता ते आधीच विचारा. सकाळी लवकर असेल तर पॅनोरमाहून परतेपर्यंत वेळ टळलेली असेल.