मदत हवी आहे : ईसीआर पासपोर्ट आणि कतारची नोकरी

माझ्या भाच्याला दोहाला वेल्डरचं काम मिळतंय. मुलगा दहावी पास, पण पासपोर्ट काढताना मार्कशीट जोडलीच नाही (घाई, दुसरं काय!), त्यामुळे पासपोर्टवर ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’ (ईसीआर) आलंय.

मला इतकं कळलंय की विमानतळावर शिक्का मारणारे लोक गृहमंत्रालयाच्या इमिग्रेशन ब्युरोचे. पण ईसीआरवाल्याला कतार धरून १८ देशांत नोकरीला जायचं तर परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची मंजुरी लागते, १९८३ च्या कायद्याप्रमाणे. ती ई-मायग्रेट पोर्टलवरून होते, विमाही काढावा लागतो. म्हणजे एक खातं मंजुरी देतं आणि दुसरं ती काउंटरवर तपासतं.

आता घोळ असा की एजंट म्हणतोय, "मामा, कशाला एवढी यातायात? व्हिजिट व्हिसावर पाठवू, तिकडे गेल्यावर बदलून घेऊ." परवान्याचा नंबर विचारला तर विषय बदलतो. माझं मन काही मानत नाही. उद्या तिकडे पगार थकला तर दाद कुणाकडे मागायची?

दहावीचं प्रमाणपत्र लावून पासपोर्ट री-इश्यू करून ईसीआर काढून घेतलंय का कुणी अलीकडे? पोलीस पडताळणी परत झाली का, किती दिवस लागले? की आहे त्याच पासपोर्टवर मंजुरी घेणं लवकर होतं? कंपनीने महिन्याभरात यायला सांगितलंय. अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा.