सागाच्या पुनर्निर्मितीवरचा शोधनिबंध: ३६ प्लॉट पुरतील का, आणि पाठवण्याआधी काय तपासायचं?

सागपान

वनशास्त्राच्या प्रबंधातलं एक प्रकरण शोधनिबंध म्हणून पाठवायचं आहे. विषय: विरळणी (दाटीतली काही झाडं तोडून बाकीच्यांना मोकळीक देणं) झालेल्या आणि न झालेल्या सागाच्या जंगलातली नैसर्गिक पुनर्निर्मिती, म्हणजे आपोआप येणारी नवी रोपं. विदर्भातले सहा कक्ष (वनखात्याने आखलेले जंगलाचे तुकडे) घेतलेत, तीन विरळणीचे आणि तीन बिनविरळणीचे. प्रत्येक कक्षात २० × २० मीटरचे सहा प्लॉट, एकूण ३६. रोपं मोजायला प्रत्येक प्लॉटमध्ये २ × २ मीटरचे पाच चौकोन. झाडांचा छाती-उंचीचा घेर घेतलाय. ३६ प्लॉटवर टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासऱ्यांतला फरक तपासणारी चाचणी) लावली, टी २.३ आला, म्हणजे फरक सार्थ आहे, नुसता योगायोग नाही. मसुदा ११,००० शब्दांचा झालाय. एवढ्यावर जर्नलच्या परीक्षकांपर्यंत पोचेल का? कुठे पाठवू? आणि आधी काय काय तपासू?

कक्ष_क्रमांक

सगळ्यात आधी ती टी-टेस्ट काढा. विरळणी कक्षाला झाली आहे, प्लॉटला नाही. एकाच कक्षातल्या सहा प्लॉटची माती, उतार, वणव्याचा इतिहास, गावापासूनचं अंतर जवळपास सारखंच असतं, त्यामुळे ते सहा स्वतंत्र पुरावे ठरत नाहीत. तुम्ही डिग्रीज ऑफ फ्रीडम (स्वतंत्र पुराव्यांची मोजदाद) ३४ धरल्यात, म्हणजे ३६ प्लॉट वजा २ गट; खऱ्या ४ आहेत, ६ कक्ष वजा २. ३४ ला ५ टक्के पातळीची मर्यादा (फरक सार्थ म्हणायला टी याहून मोठा हवा) २.०३ असते, ४ ला ती २.७८ होते. कक्षनिहाय सरासरी घेऊन टी पुन्हा काढावा लागेल, आणि तो ही मर्यादा ओलांडेल याची खात्री नाही. परिसंस्थाशास्त्रज्ञ हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये हा दोष छद्म-पुनरावृत्ती (स्यूडोरेप्लिकेशन) म्हणून मांडला. तेव्हापासून परीक्षक पद्धतीचा भाग उघडला की पहिल्यांदा हेच शोधतात. संपादकालाही दिसलं तर निबंध परीक्षकांकडे न जाता परत येतो.

दुरुस्ती अशी: पाच चौकोनांची बेरीज करून प्लॉटला एक आकडा ठेवा. मग मिश्र प्रतिमान (मिक्स्ड मॉडेल) लावा, त्यात कक्ष हा यादृच्छिक घटक, म्हणजे एकाच कक्षातले प्लॉट एकमेकांसारखे असतात हे हिशेबात येतं. रोपांची संख्या ही मोजणी आहे आणि तिच्यात शून्यं भरपूर असतात, म्हणून निगेटिव्ह बायनॉमियल (खूप विखुरलेल्या मोजण्यांना चालणारं) वितरण घ्या. पण सहाच कक्ष असताना अशा प्रतिमानाची झेड-चाचणी (त्याच्या निकालासोबत येणारी सार्थतेची चाचणी) फरक आहे त्यापेक्षा जास्त सार्थ दाखवते. त्यामुळे सहा कक्षांच्या सहा सरासऱ्यांवरची साधी तुलनाही शेजारी द्या. दोन्ही उत्तरं एकाच दिशेला असली तर निबंधाला वजन येतं.

आणखी प्लॉट टाकून हा प्रश्न सुटत नाही, कक्ष वाढवावे लागतात. ते शक्य नसेल तर फरक किती आणि त्याची विश्वासमर्यादा (खरा फरक कुठून कुठपर्यंत असू शकतो) काय एवढं लिहा, 'विरळणीमुळे रोपं वाढली' असं लिहू नका. हे तीन कक्षच विरळणीला का निवडले गेले ते वनखात्याच्या कार्य आयोजनेत (वर्किंग प्लॅन) पाहा. चांगल्या जमिनीचे कक्ष आधी घेतले असतील तर तुमचा फरक विरळणीचा की जमिनीचा, हे सांगता येणार नाही. सहाही कक्षांचं क्षेत्र, उतार, मातीची खोली, विरळणीचं वर्ष, काढलेली झाडं आणि वणव्याची वर्षं एका तक्त्यात द्याच.

घेरपट्टी

मोजमापाबद्दल. आपल्याकडे छाती-उंची १.३७ मीटर, बाहेरच्या बहुतेक देशांत १.३ मीटर. तुम्ही कुठली घेतली ते आकड्यात लिहा. घेर आणि व्यास यांची गल्लत तर फार वेळा दिसते. ६० सेंमी घेराच्या झाडाचं आधारक्षेत्र (छाती-उंचीला खोडाच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ) म्हणजे घेराचा वर्ग भागिले ४π, साधारण २८६ चौ. सेंमी. तोच ६० आकडा व्यास म्हणून सूत्रात गेला तर उत्तर २,८२७ येतं, जवळपास दहापट. सागाच्या पानझडी जंगलाचं आधारक्षेत्र हेक्टरी १५०-२०० चौ. मीटर आलं तर एक्सेल शीटमधला तो रकाना आधी उघडा.

पाच चौकोन मिळून २० चौ. मीटर होतात. म्हणजे एक रोप मोजलं की हेक्टरी आकड्यात ते ५०० होतं. तक्त्यात हेक्टरी संख्या द्या, पण विश्लेषण मूळ मोजणीवरच करा. 'हेक्टरी ४,२३३.३३ रोपं' असले दशांश टाळा, त्यात खोटी अचूकता असते.

आता जे नसेल तर मी स्वतः निबंध परत पाठवेन: बियांपासून आलेली रोपं आणि खुंटाचे फुटवे वेगळे मोजलेत का? विरळणीत झाड तोडलं की सागाचा खुंट फुटतोच. ते फुटवे रोपांत मिसळले तर विरळणीच्या कक्षात 'पुनर्निर्मिती' जास्त दिसणारच. महिनाही लिहा. सागाच्या रोपाचा वरचा भाग उन्हाळ्यात वाळतो किंवा वणव्यात जळतो आणि पावसाळ्यात मुळापासून पुन्हा फुटतो. मे आणि सप्टेंबरमधल्या मोजण्या एकमेकींशेजारी ठेवता येत नाहीत.

वनस्पतींची शास्त्रीय नावं प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन या संकेतस्थळावर तपासा. खैर आता अकेशिया नाही, सेनेगालिया कॅटेचू. साग व्हर्बिनेसी कुळात नाही, लॅमिएसीत. वनप्रकार चँपियन-सेठ यांच्या भारतीय जंगलांच्या १९६८ च्या वर्गीकरणाप्रमाणे द्या. पण नुसता संकेतांक परदेशी परीक्षकाला कळत नाही. सोबत पाऊस, कोरडे महिने, मातीचा प्रकार लिहा.

पानगळ

कुठे पाठवायचं ते तुमच्या निष्कर्षाच्या आवाक्यावर ठरवा. सहा कक्ष, एक विभाग, एका हंगामाची मोजणी एवढ्यावर फॉरेस्ट इकॉलॉजी अँड मॅनेजमेंट हे आंतरराष्ट्रीय जर्नल माझ्या मते अवघड आहे. तिथे इतर देशांतल्या व्यवस्थापनालाही लागू पडेल असं काही हवं असतं. डेहराडूनहून १८७५ पासून निघणारं इंडियन फॉरेस्टर किंवा मलेशियाच्या वनसंशोधन संस्थेचं जर्नल ऑफ ट्रॉपिकल फॉरेस्ट सायन्स जास्त जुळतं. जर्नल ठरलं की त्याच्या गेल्या दोन वर्षांतल्या पुनर्निर्मितीवरच्या निबंधांच्या पद्धती वाचा. एकही असा निबंध नसेल तर जर्नल बदला. 'सात दिवसांत स्वीकृती' म्हणणाऱ्या आणि आधीच पैसे मागणाऱ्या ईमेलना उत्तर देऊ नका.

११,००० शब्द म्हणजे अजून प्रबंधच आहे. सागाचा इतिहास, जिल्ह्याची माहिती, सगळ्या प्रजातींची लांब यादी बाहेर काढा. प्रस्तावना चार परिच्छेदांची पुरते आणि शेवटच्या परिच्छेदात प्रश्न एकच असावा. चर्चेत तक्ते पुन्हा वाचून दाखवू नका.

अभयारण्यात काम असेल तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २८ खालच्या परवानगीचा क्रमांक आणि तारीख पद्धतीत लिहा. नंतर मागितलं की शोधाशोध होते.

सागपान

खूप आभार. फुटवे वेगळे नोंदवले आहेत, पण बेरजेत एकत्र धरले होते, ते आता वेगळे करतो. एक शंका: प्रबंध शोधगंगेवर (भारतीय प्रबंधांचा ऑनलाइन साठा) आहे. जर्नलच्या साम्य तपासणीत (उचललेला मजकूर शोधतात ती) अडकेल का?

पानगळ

साम्य दिसेल, पण स्वतःच्या प्रबंधाशी असलेलं साम्य बहुतेक जर्नलं चालवून घेतात, लपवलेलं नसलं की झालं. सहपत्रात (निबंधासोबत संपादकाला जाणारं पत्र) एक ओळ लिहा: 'हा निबंध माझ्या प्रबंधाच्या अमुक प्रकरणावर आधारित असून इतर कोणत्याही जर्नलकडे विचाराधीन नाही.' प्रबंधाचा उल्लेख संदर्भांतही करा. पद्धतीचा भाग नव्याने लिहा, विश्लेषण बदलणार असल्याने तो तसाही बदलेल. मार्गदर्शकांसह सगळ्या सहलेखकांची शेवटच्या मसुद्याला ईमेलवर संमती घेऊन ठेवा. ओळींना क्रमांक सलग द्या, पानागणिक १ पासून नको. परीक्षकाने '२१४ वी ओळ' म्हटलं की ती नेमकी एकच सापडली पाहिजे.

कक्ष_क्रमांक

ही भर घाला: प्लॉटनिहाय कच्ची मोजणी आणि विश्लेषणाचा कोड झेनोडो या खुल्या विदासाठ्यावर ठेवून त्याचा डीओआय (कायमचा ओळखक्रमांक) निबंधात द्या. फाइलमध्ये कक्ष आणि प्लॉट असे दोन वेगळे रकाने हवेत, नाहीतर दुसऱ्याला तुमचं प्रतिमान पुन्हा चालवता येणार नाही.