मारहाणीतून बाहेर पडलेल्या स्त्रीच्या मनाला पहिला आधार कोणाचा असावा?

धागाकर्ती, नंदनवन
नवऱ्याची मारहाण सोसून बाहेर पडलेल्या स्त्रीला पोलीस, न्यायालय आणि निवारा मिळाला की आपले काम संपले, अशी समजूत नागपुरातही रूढ आहे. प्रत्यक्षात झोप उडणे, कडी वाजली तरी दचकणे आणि ‘चूक माझीच असेल’ हा विचार सतावणे, हे बहुधा त्यानंतरच उफाळून येते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के जणींनी मदत मागितली, आणि तीही बहुतेक करून आपल्याच कुटुंबाकडे. म्हणून प्रत्येक वस्तीतील बचतगटाच्या दोन-तीन जणींना ऐकून घेण्याचे प्रशिक्षण द्यावे, असे माझे मत आहे. मनोरुग्णालयाची पायरी चढायला बाई कचरते, शेजारणीच्या ओट्यावर मात्र सहज टेकते.

प्रतिसाद, महाल
पूर्ण असहमत. कौटुंबिक खटले चालवताना मी हेच पाहिले आहे की, ओट्यावर बोललेले संध्याकाळपर्यंत सासूच्या कानी जाते आणि मग चार वडीलधारी मंडळी समेट घडवायला येतात. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली ‘दिलासा’ केंद्र सुरू झाले, त्यामागचा विचार मला अधिक पटतो. दुखणे दाखवायला जाते, एवढे सांगून बाई घराबाहेर पडू शकते, आणि तिथे प्रशिक्षित समुपदेशक तिच्याशी एकांतात बोलतो. मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालये आपल्याकडे नागपुरात आहेतच; समुपदेशन तिथेच असावे.

प्रतिसाद, इंदोरा
धुणीभांडी करणाऱ्या बाईने ओपीडीच्या रांगेत अख्खी सकाळ घालवली, तर त्या दिवसाची मजुरी कोण देणार? टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. पण घरातला एकुलता एक मोबाइल नवऱ्याच्या खिशात असतो.

धागाकर्ती, नंदनवन
चहाडीची भीती खरी आहे, म्हणून ऐकून घेणारी ही बचतगटातली सोबतीण शेजारच्या वस्तीतली असावी आणि तिने नवऱ्याशी एक शब्दही बोलू नये, ही अट मला मान्य आहे. पण हिंसाग्रस्त स्त्रियांसाठीच्या सरकारी सखी केंद्रात तात्पुरता मुक्काम साधारण ५ दिवसांचा असतो. अर्ज ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा म्हणतो; तरीही तारखांमागून तारखा पडतात, हे वकीलसाहेबांना मी सांगायला नको. त्या काळात न्यायालयाच्या बाकावर तिच्याशेजारी रुग्णालयाचा समुपदेशक बसणार आहे काय?

प्रतिसाद, इंदोरा
आणि नवरा त्या सोबतिणीच्याच दारात येऊन शिवीगाळ करू लागला तर?

प्रतिसाद, महाल
त्याची सोय त्याच कायद्यात आहे. कलम १८ खालील संरक्षण आदेशात पीडितेला मदत करणाऱ्या व्यक्तीवर हिंसा करण्यासही मनाई करता येते. आदेश मोडल्यास १ वर्षापर्यंत कैद होऊ शकते. अर्जात ही मागणी स्पष्ट लिहावी. बरेच जण ती गाळतात. तरीही आदेश हाती येईपर्यंत ती सोबतीण उघडीच राहते, आणि रात्रंदिवस इतरांचे दुःख ऐकून तिचे स्वतःचे मन खचले तर तिचे कोण ऐकेल, याची तरतूद तुमच्या योजनेत नाही. तोवर माझा विरोध कायम आहे.