मदत हवी आहे: अभ्यासक्रमाबद्दल विभागातल्या शिक्षकांचं खरं मत कसं काढून घ्यावं?

बालाघाटची_लेक

नमस्कार मंडळी,

लातूर भागातल्या एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात मी सिव्हिलला शिकवते. आमचं कॉलेज स्वायत्त होण्याच्या वाटेवर आहे. आजवर विद्यापीठाकडून अभ्यासक्रमाची पीडीएफ यायची आणि आम्ही विषय वाटून घ्यायचो. आता काय शिकवायचं हे आमचं आम्ही ठरवायचंय. शिक्षकांची मतं गोळा करून अभ्यास मंडळापुढे ठेवायचं काम विभागप्रमुखांनी माझ्याकडे दिलंय, आणि तिथंच गाडी अडली आहे.

कॉलेजात अभिप्रायाचा एक तयार नमुना आहे. 'अभ्यासक्रम उद्योगाच्या गरजांना अनुरूप आहे का', 'विषयाची व्याप्ती पुरेशी आहे का' असे प्रश्न, आणि पाचपैकी गुण द्यायचे. तो फिरवला. सगळ्यांनी चार किंवा पाच गुण दिले, 'सूचना' या रकान्यात कुणी 'निरंक' लिहिलं, कुणी नुसती रेघ ओढली. पण हीच माणसं चहाच्या टपरीवर बोलतात ते फार वेगळं असतं.

आमच्याकडचे सर्वांत ज्येष्ठ सर म्हणतात, जे पेपरला येत नाही ते शिकवून लेकरांचा वेळ घेऊ नका. यात आळस नाही, हे मी शपथेवर सांगते. आमच्याकडे येणारी बरीच पोरं घरातली पहिली पदवी घेणारी आहेत. एक विषय राहिला की शिष्यवृत्ती, वसतिगृह, घरचं लग्न, सगळंच लटकतं. सरांनी अशी शेकडो पोरं पार केली आहेत. तरुण सहकाऱ्यांचं म्हणणं असं की पोरांना नोकरी पुण्यात लागते, तेव्हा ईटॅब्स आणि रेव्हिट ही डिझाइनची सॉफ्टवेअर वाढवा, दगडी बांधकामाचं युनिट काढून टाका. 'दगडाचं आता बांधतंय कोण?' आणि तिसरा गट म्हणतो, तुम्ही जे घालाल ते आम्ही शिकवू.

मला जे टोचतं ते सांगते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा हा सगळा भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता. पुढे २००२ मध्ये आयएस १८९३ हे भूकंपासाठीचं भारतीय मानक सुधारलं, झोन १ काढूनच टाकला आणि आपण झोन ३ मध्ये आलो. माणसं मेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या ओझ्याखाली. आज त्याच जिल्ह्यातली मुलं चार वर्षं कॉलम-बीमच्या सांगाड्याचं डिझाइन शिकतात आणि भूकंप अभियांत्रिकी हा 'ऐच्छिक' विषय असतो. मागच्या सत्रात औसा तालुक्यातल्या एका मुलानं तासाला विचारलं, "मॅडम, आमच्या गावात माळवद उतरवून त्याच जुन्या भिंतीवर स्लॅब टाकतात, ते चालतं का?" या प्रश्नाचं उत्तर आमच्या पाठ्यक्रमातल्या एकाही युनिटमध्ये नाही.

काळ्या मातीचंही तेच. पाण्यानं फुगायचा तिचा प्रसरणशील गुण एका परिच्छेदात उरकतो, आणि कॉलेजच्या कुंपणाची भिंत मात्र दर उन्हाळ्यात तडकते.

तर विचारायचंय ते असं. शिक्षकांना आशयाबद्दल खरंच काय वाटतं हे कळण्यासाठी प्रश्न कसे विचारावेत? विभागात जेमतेम दहा माणसं, त्यामुळे नाव न लिहिताही कोणता कागद कुणाचा ते कळतं. आणि कुणाला न दुखावता अभ्यासक्रमात स्थानिक प्रश्नांना जागा कशी करावी? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

नांदेडकर

मॅडम, विषय महत्त्वाचा काढलात. आमच्याकडे स्वायत्ततेनंतर दोनदा अभ्यासक्रम बदलला, त्यावरून सांगतो.

'योग्य आहे का' असं विचारलं की माणूस सही करतो. त्याला निवड करायला लावा. आम्ही प्रत्येकाला त्याच्या विषयापुरतं एवढंच विचारलं: कोणतं युनिट ठरलेल्या तासांपेक्षा आधी संपतं? कोणतं कधीच संपत नाही? तुमच्या विषयाचे चार तास कापले तर काय सोडाल? आणि साइटवर गेलेल्या माजी विद्यार्थ्यानं फोन करून विचारलेला असा कोणता प्रश्न होता, ज्याचं उत्तर आपण शिकवत नाही? या शेवटच्या प्रश्नावर लोकांनी पानं भरून दिली. 'काय वाढवायचं' हे एकटं कधीही विचारू नका. सगळे वाढवतात, सोडत कुणीच नाही.

दुसरं, गोळा करण्याचं काम तुम्ही करू नका. मेकॅनिकल किंवा फार्मसीच्या एखाद्या विश्वासू माणसाला समोर बसून विचारू द्या आणि त्यानं नावं गाळून सार लिहून द्यावं. हे कागद वार्षिक मूल्यमापनाच्या फाइलला लागणार नाहीत, हे विभागप्रमुखांकडून सगळ्यांसमोर वदवून घ्या. नाहीतर एनबीएच्या (अभ्यासक्रमाला मानांकन देणाऱ्या मंडळाच्या) भेटीसाठी लिहितात तसंच गुळगुळीत लिहून येईल.

तासिका_परभणी

थोडं कडवट वाटेल, पण तिसऱ्या गटाबद्दल लिहिणं भाग आहे. 'तुम्ही घालाल ते शिकवू' असं म्हणणारे बहुतेक तासिका तत्त्वावरचे किंवा अकरा महिन्यांच्या नेमणुकीवरचे असतात. मी त्यातलाच. विषय कोणता मिळणार ते सत्र सुरू व्हायच्या आठवड्यात कळतं. ज्याला पुढच्या वर्षी आपण इथं असू की नाही हे माहीत नाही, तो कोणत्या तोंडानं 'हे युनिट बदला' म्हणेल? आम्हाला मत नाही असं नका समजू. पुढची दोन वर्षं अमुक विषय तुझ्याकडेच राहील एवढं कुणी कबूल केलं तर मी सुट्टीत बसून नोट्स, उदाहरणं, प्रात्यक्षिकं सगळं उभं करीन.

बालाघाटची_लेक

@तासिका_परभणी दादा, हे लिहिलंत फार बरं झालं. आमच्याकडेही तो गट तुम्ही म्हणता तसाच आहे. विषय दोन वर्षं एकाच माणसाकडे ठेवण्याचा मुद्दा मी लेखी देणार आहे.

@नांदेडकर सर, अभ्यास मंडळात या तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना बसता येईल का?

नांदेडकर

येईल. स्वायत्त महाविद्यालयांच्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांत मंडळावर विभागप्रमुख अध्यक्ष, त्या शाखेचे शिक्षक सदस्य, शिवाय बाहेरचे तज्ज्ञ, कुलगुरूंनी नेमलेला एक, उद्योगातला एक आणि एक माजी विद्यार्थी अशी रचना आहे. माजी विद्यार्थ्याची जागा शोभेसाठी भरू नका. पुण्यातल्या मोठ्या कंपनीतला न आणता जिल्हा परिषदेच्या बांधकामावर काम करणारा किंवा तालुक्याला स्वतःची घरं बांधणारा आणा. दगड कोण बांधतंय, ते तोच सांगेल.

जुना_ओव्हरसियर

मी शिक्षक नाही, किल्लारीच्या भूकंपानंतर पुनर्वसनाच्या काळात या भागात कामावर होतो. ताई, तुमच्या त्या मुलाच्या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते छापलेलं आहे. आयएस १३८२८ हे मानक कमी ताकदीच्या बांधकामासाठीच १९९३ साली निघालं. भिंतीच्या दोन्ही तोंडांना बांधणारे आरपार दगड, कोपऱ्यातली बांधणी, लिंटलच्या (दारं-खिडक्यांवरच्या आडव्या तुळईच्या) उंचीवर चहूबाजूंनी फिरणारा पट्टा, सगळं त्यात आहे. दगडी भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू वेगळी होऊन फुगते आणि ढासळते, हे आम्ही गावोगाव पाहिलं. तशा भिंतीवर नुसता स्लॅब टाकला तर माळवदाचं ओझं जाऊन काँक्रीटचं येतं, भिंत मात्र तीच राहते. आधी ती भिंत आरपार दगड आणि पट्ट्यानं जखडून घ्यावी लागते. हे एका तासात शिकवता येतं. पोरांना गावातली एक पडकी भिंत दाखवा, आतला मातीचा भराव हाताने मोकळा होतो.

काळी_भुई

ज्येष्ठ सरांशी भांडू नका, त्यांचाच नियम वापरा. पेपरला येतं ते शिकवायचं ना? स्वायत्त झाल्यावर पेपर तुम्हीच काढणार. तोवर अंतर्गत गुण आणि प्रात्यक्षिकं तुमच्याच हातात आहेत.

मी आमच्या मृदा प्रयोगशाळेत एवढंच केलं: प्रत्येकानं स्वतःच्या शेतातली किंवा गल्लीतली माती आणायची. माती तपासणीच्या आयएस २७२० भाग ४० या मानकाप्रमाणे वाळवून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून काढलेली १० ग्रॅम माती एका मापनळीत पाण्यात, तेवढीच दुसरीत रॉकेलमध्ये, आणि चोवीस तासांनी दोन्हींचं आकारमान वाचायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते, त्या फरकावरून प्रसरणाचा निर्देशांक निघतो. अभ्यासक्रमात मातीचे गुणधर्म होतेच, नवीन युनिट लागलं नाही, कुणाची परवानगी लागली नाही. ज्या सरांनी 'हे कशाला' म्हटलं होतं, त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच्या प्लॉटची माती आणून दिली. पाया खोदायचा होता त्यांना.

बालाघाटची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. चार प्रश्नांचा कच्चा कागद आज रात्री तयार करते, नावं गाळायचं काम फार्मसीच्या मॅडमनी घेतलंय. आयएस १३८२८ ची प्रत ग्रंथालयात नाही, ती मागवते आहे. @जुना_ओव्हरसियर काका, त्या काळातल्या दुरुस्त केलेल्या भिंतींपैकी अजून उभी असलेली एखादी औसा किंवा उमरगा भागात तुमच्या माहितीत असेल तर सांगाल का? तिसऱ्या वर्षाच्या पोरांना घेऊन यायचंय.

जुना_ओव्हरसियर

आहेत. व्यक्तिगत निरोपात गावं कळवतो. सोयाबीन निघाल्यावर या, तोवर लोक घरी सापडत नाहीत.